मामाची किडकी गोणी

मी बोललो की लोक हसतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. माझ्या केळीचा घड एका वर्षी इतका मोठा झाला की उतरवायला क्रेन बोलवावी लागली, आणि क्रेनवाला घड बघून हात जोडून परत गेला. तापीला पूर आला तेव्हा मी म्हशीवर बसून पलीकडे गेलो, चहा घेतला, आणि येताना मधल्या धारेतच म्हशीचं दूध काढून आणलं. प्रकाशा गावच्या चहाच्या टपरीवर माझ्यासाठी बाकडं पुसून ठेवतात ते उगाच नाही. माझ्या थापांनी कोणाचं पोट भरलं नसेल, पण कोणाचं काही बिघडलंही नाही, असं मी समजत होतो. भाचीच्या लग्नापर्यंत.

भाची म्हणजे माझ्या आक्काची मुलगी. आक्का माझ्याहून मोठी, शहाद्याकडच्या एका गावात दिलेली. एकाच आईच्या पोटी आम्ही दोघं कशी निपजलो याचं कोडं आमच्या गावाला अजून उलगडलेलं नाही. लोक म्हणतात, घरातल्या खोटं बोलण्याचा सगळा वाटा या भावानेच उचलला, बहिणीला काही उरलंच नाही. तिच्या गावात दोन भावांचं बांधावरून वाजलं की तलाठ्याच्या आधी आक्काला बोलावतात. ती डोक्यावर पदर घेऊन बांधावर जाते, इकडून बघते, तिकडून बघते, आणि म्हणते, "बाभूळलगून तुन्हं, मव्हरे त्यान्हं." बाभळीपर्यंत तुझं, पुढचं त्याचं, एवढंच. मग घरी येऊन भाकरी टाकते. भांडण संपलेलं असतं. ज्याची जमीन जाते तोही कुरकुरत नाही, कारण आक्का बोलली म्हणजे ते तसंच असणार.

तिने मुलीसाठी घर शोधलं तेही असंच. नवापूरकडचं कुटुंब, कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेड, मुलगा सरळ, आणि घरात सगळ्यांच्या वर नवरदेवाची आजी. बोलणी करायला ती मंडळी आली तेव्हा मामा म्हणून मीही पहिल्या सतरंजीवर. देणं-घेणं काही नव्हतं, बोलणं जेवणावर आलं. आमच्याकडे लग्नात वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी असते. त्यावर चर्चा करायची म्हणजे सूर्य कुठून उगवावा यावर चर्चा करण्यासारखं. पण आजीबाई म्हणाल्या, त्यांना वांगं चालत नाही, अंगाला खाज सुटते, तेव्हा बटाट्याची भाजी व्हावी. आक्का म्हणाली, होईल. गोष्ट तिथे संपली होती. पण मी बसलेलो होतो ना.

मी त्या वर्षी पहिल्यांदाच बटाटा लावायचं ठरवलं होतं. बियाणं अजून घरातही आलेलं नव्हतं. तरी मी सांगून टाकलं की मांडवात बाजारचा एक बटाटा येणार नाही, सगळा मामाच्या शेतातला असेल. आणि बटाटा असा की एक चिरला तर एक पंगत उठते, दुसरा चिरला तर वाढपी घरी निघून जातात. सगळे हसले. व्याही तर मांडीवर हात मारून हसले. आक्का हसली नाही. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "भाऊ, खरं बोल. व्हई ना?"

मी म्हणालो, "व्हई."

मग ती व्याह्यांकडे वळली आणि म्हणाली, "बटाटा मामाकडथून ई." माझ्या तोंडी असतं तोवर ते वारं होतं. तिच्या तोंडी गेलं आणि काळ्या दगडावरची रेघ झालं. त्या घरी तिची लेक जन्मभर राहणार होती, आणि त्या घराला आक्काने दिलेला हा पहिला शब्द होता. मला त्या वेळी एवढंच कळलं की माझं बोलणं कोणीतरी मनावर घेतलं, आणि त्याने माझी छाती फुगली.

दिवाळीनंतर लागवड केली. बटाटा छान आला, हे मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेची किंमत तुम्हाला आता कळली आहे. बटाट्याला माती लावावी लागते. वरंब्यावर भर दिली की खालचे बटाटे झाकलेले राहतात. बायको दर दोन दिवसांनी सांगायची, "माटी लावा, बटाटा उघडा पडी ऱ्हायनात." मी ऐकलं नाही. काढणीच्या आधी साल पक्की व्हावी म्हणून पाणी तोडलं, आणि आमची काळी जमीन, पाणी तुटलं की ती तोंड वासते. अशा भेगा पडल्या की एखादं कोकरू पडलं असतं तर थेट गुजरातेत निघालं असतं. आणि त्या भेगांतून बटाटे डोकावत होते. गोल, पिवळसर, जमिनीला फाडून वर आलेले.

तो देखावा मी मातीने बुजवीन असं वाटतं तुम्हाला? मी टपरीवरची मंडळी आणून दाखवली. बांधावर उभं राहून सांगितलं की यांना जमीन पुरत नाही, बाहेर पडायला बघताहेत. संध्याकाळी पाल्यावर राखी रंगाची बारीक पाखरं भिरभिरायची, धुळीचा कण उडावा तशी. कोणीतरी विचारलं, ही कसली? मी म्हणालो, "माझे बटाटे बघायला पाखरंसुद्धा लांबून येतात." ते वाक्य आता आठवलं की मला एकट्यालासुद्धा इकडेतिकडे बघावंसं वाटतं.

काढणी झाली, लग्न वैशाखात. मधले दोन-अडीच महिने बटाटा ठेवायचा कसा? बायको म्हणाली, निवडून घ्या, सावलीत पसरा, कडुनिंबाचा पाला घाला, आठवड्याला एकदा हात फिरवा. साधं काम होतं. पण मला साधं काम कधी पटलंय. नंदुरबारला एका ओळखीच्याच्या मिरची वाळवायच्या पथारीवर रिकाम्या गोण्यांचा ढीग पडलेला होता. आमच्या भागातला माणूस देवावर ठेवतो त्याहून थोडा जास्त विश्वास मिरचीवर ठेवतो. सर्दी झाली, मिरची. दृष्ट लागली, मिरची. मला वाटलं, ज्या गोणीत मिरची वर्षभर राहिली तिच्यात कुठला किडा जाईल? गेला तर रडत बाहेर येईल. त्या गोण्या आणल्या, त्यांत बटाटे भरले, भरताना इतका शिंकलो की तापीच्या घाटावरच्या लोकांनी छत्र्या उघडल्या. मग सगळ्या गोण्यांची तोंडं शिवून टाकली. लग्नाच्या मांडवातच उघडायची, असं जाहीर केलं. बायको म्हणाली, एखादी तरी मधून उघडून बघा. मी म्हणालो, शिवलेलं तोंड उघडलं की अपशकुन होतो. असा अपशकुन आमच्यात नाही. तो मी तिथल्या तिथे तयार केला.

हळदीच्या दिवशी मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोण्या रचून, पुढे बँड लावून आक्काच्या गावात शिरलो. मांडवात नवापूरची वडीलधारी मंडळी नवरदेवाची हळद आणि नवरीची साडी घेऊन आलेली होती. मध्ये आजीबाई, पंख्याच्या बरोबर समोर. सगळ्यांच्या हातात सरबताचे पेले. भाची हळद लावून घराच्या दारात बसलेली. मला याहून चांगला मांडव आयुष्यात मिळणार नव्हता.

एक गोणी मी स्वतः खांद्यावर घेतली, आजींच्या पुढ्यात आणून ठेवली, तिला हळद-कुंकू लावलं, आणि विळ्याने शिवण कापली.

आधी वास आला. कुबट, ओला. मग गोणीच्या तोंडातून राखाडी पाखरं उठली. थोडीथोडकी नाही, मी आजवर मारलेल्या सगळ्या थापांना पंख फुटून त्या एकदम बाहेर पडल्या असाव्यात. पंख्याच्या वाऱ्याने ती मांडवभर झाली. सरबतात पडली, हळदीच्या वाटीत पडली, एक आजीबाईंच्या पदरावर जाऊन बसलं. बँडवाल्याचा सूर मध्येच तुटला. गोणी कलंडली आणि बटाटे घरंगळत बाहेर आले. प्रत्येकाच्या डोळ्याशी काळी ओलसर विष्ठा, आणि एकाच्या डोळ्यातून गुलाबी-पांढरी अळी मान काढून बघत होती. व्याह्यांनी एक बटाटा उचलला. दाबला. बोट आत गेलं.

मला कितीतरी बोलता आलं असतं. म्हैस, क्रेन, तापी, सगळं हाताशी होतं. पण तोंडातून शिंक निघाली, दुसरं काही निघालं नाही. मी दारात बसलेल्या भाचीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती.

आक्का पुढे आली. आजींच्या पदरावरचं पाखरू तिने हलकेच झटकलं आणि नेहमीच्या आवाजात, बांधावर बोलते तशा आवाजात, म्हणाली, "आज्जी, भिऊ नका. आमनाकडे मामा पहिली गोणी किडेलच लई येस. पोरले नजर लागू नही म्हणीसन."

मी तिच्याकडे बघत राहिलो. आमच्याकडे असलं काही नाही. कधी नव्हतं. आमच्या सात पिढ्यांत कोणी लग्नात किडकी गोणी आणलेली नाही, आणि हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

आजीबाईंनी क्षणभर विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. "हाव," त्या म्हणाल्या, "पह्यले आमनाकडेबी व्हतं. आतेना लोके इसरी गयात." आणि नुसतं एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांना सगळं आठवू लागलं. गोणी नवरीवरून ओवाळायची असते, ती मामानेच ओवाळायची, आणि मग शिवेबाहेर नेऊन टाकायची. व्याह्यांनी बटाट्यातून बोट काढलं, रुमालाला पुसलं आणि समाधानाने मान हलवली. बँडवाल्याने सूर पुन्हा धरला.

मग मी ती गोणी उचलून भाचीवरून ओवाळली. गोणीतून मिरचीची धूळ तिच्या डोळ्यांत गेली. तिच्या डोळ्यांना धार लागली. बायकांना वाटलं, पोरीला आत्ताच माहेर सुटल्यासारखं झालं. त्याही पदर डोळ्यांना लावून रडू लागल्या. मीही रडत होतो. माझं सगळ्यांनी मिरचीवर ढकललं.

आक्का माझ्याजवळून जाताना, न बघता, हळू आवाजात एवढंच म्हणाली की बाकीच्या गोण्या न उघडता ट्रॉलीतच राहू दे आणि शहाद्याला जा. मी गेलो. बाजारातून बटाटा आणला, शीतगृहातला, गुजरातचा, गुळगुळीत, धुतल्यासारखा. तो आक्काच्या घराच्या मागल्या दाराने आत नेताना स्वयंपाक्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला काही न सांगता पुढे गेलो.

लग्नाच्या पंगतीत आजीबाईंनी भाजी दोनदा मागून घेतली. बोटं चाटून म्हणाल्या, मामाच्या शेतातल्या बटाट्याची चव बाजारच्या बटाट्याला येत नाही. मी वाढायला उभा होतो. मला राहवलं नाही. व्याह्यांच्या कानाशी वाकून सांगितलं की हे शहाद्याच्या बाजारातले आहेत. माझे सगळे किडले. ती पहिली गोणी, दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. प्रथा वगैरे काही नाही. अक्षर न अक्षर खरं सांगितलं.

व्याही इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी द्यावं लागलं. मग शेजारच्या पाटावरच्याला सांगितलं, त्याने पुढच्याला, आणि पंगतभर हसू फिरून माझ्यापाशी परत आलं. "मामा," व्याही डोळे पुसत म्हणाले, "तुमनं काही खरं नही. विहीणबाईनी सांगं म्हणीसन बरं, नाही तर आम्हाले खरं वाटतं."

अंतरपाटाच्या मागे भाचीला धरून मी आधीच उभा राहिलो होतो, अक्षता पडल्या होत्या; पंगतीनंतर पाठवणी झाली. गाडी वळणाआड गेल्यावर आक्का ओट्यावर बसली. मी तिच्यापाशी जाऊन बसलो. म्हटलं, मी उद्या नवापूरला जातो, आजीबाईंच्या पाया पडून सगळं सांगतो, त्या मला दोन शिव्या देतील आणि मिटेल. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागली.

"तू खोटं बोलस त लोके हासतस," ती म्हणाली. "मी बोलनू त लोकेस्नी मानी लिधं. आते तू तठे जाईसन सांगशी, त खोटी कोण पडी? मन्ही पोर तठे नांदस. गप ऱ्हाय."

मी गप राहिलो. तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी त्या आनंदाने घेऊन घरी आलो असतो. तिने घातल्या नाहीत.

त्या पावसाळ्यात तिच्या गावात दोन भावांचं बांधावरून भांडण झालं आणि लोक नेहमीप्रमाणे तिला बोलवायला गेले. भाऊजींनी मला नंतर सांगितलं. तिने पदर घेतला, उंबऱ्यापर्यंत आली, आणि परत आत गेली. म्हणाली, तलाठ्याला बोलवा. लोकांना वाटलं, तब्येत बरी नसेल. पुढच्या वेळी पुन्हा आले, पुन्हा तेच. आता येत नाहीत. ते भाऊ अजून कोर्टात आहेत.

मी घरी आलो होतो ती ट्रॉली तशीच घेऊन. बटाटे माझ्या शेतातल्या शेडमध्ये ओतले. निम्मे पुरले, निम्म्यांवर कडुनिंबाचा पाला टाकला, आणि त्या उन्हाळ्यात माझ्याकडे टपरीवर जायला तोंड नसल्यामुळे रोज संध्याकाळी मी त्या शेडमध्ये बसू लागलो. मला बघायचं होतं की ही बया, ही राखाडी पाकोळी, आत गेली कुठून. शिवण शाबूत होती, मिरची होती, मी होतो. तरी गेली कशी?

दिवस मावळताना ती यायची. चिंचेच्या पानाएवढी, त्याहूनही लहान. मी तिच्यापुढे एका ताटात धुतलेला बटाटा ठेवला, एक मातीचा ठेवला, आणि बाजूला गोणीचा तुकडा. ती धुतलेल्यावर उतरली, दोन-चार पावलं चालली, शेपटीचं टोक सालीला लावून बघितलं आणि उठली. तिला गुळगुळीत जागा नको. मातीच्या बटाट्यावर गेली, चालत चालत डोळ्याच्या खळग्यात पोचली, तिथे थांबली, शेपटीचं टोक आत खुपसलं, अंडं ठेवलं. खसखशीच्या दाण्याहून बारीक, मोत्यासारखं चकचकीत. मग गोणीच्या तुकड्यावर गेली आणि मिरचीच्या लाल धुळीत, तागाच्या दोन धाग्यांच्या मध्ये, आणखी ठेवली. मी शिंकलो, ती हललीसुद्धा नाही. म्हणजे ज्या गोणीने मी तिला हाकलणार होतो ती तिला पाळणा म्हणून आवडली होती. शिवणीच्या आत जायची गरजच नव्हती. अंडी बाहेरच्या विणीत घालायची, अळी आपली वाट आपण काढते. बऱ्याच अळ्या तर गोणी शिवायच्या आधीच, शेतातूनच बटाट्यात बसून आल्या असणार. पुढे मोबाईलवर वाचलं तेही तेच: ती अंडी घालते पानाच्या खालच्या अंगाला, शिरेच्या कडेला लव असते तिथे, आणि जमिनीला भेग पडली की भेगेतून उतरून थेट बटाट्याच्या डोळ्याशी.

मी भेगा दाखवायला माणसं आणत होतो तेव्हा तीही बघत होती. टपरीवरच्या माझ्या मित्रांनी काही मनावर घेतलं नाही. तिने घेतलं. तिने सगळं शेत नीट बघितलं, एकेक जागा हात लावून तपासली, जिथे पोर झाकलेलं राहील, खायला मिळेल, पडणार नाही, तिथेच ठेवलं. अशी घाई न करता जागा बघणारी बाई मी आयुष्यात दुसरी एकच पाहिली आहे. तिने तिच्या लेकीसाठी नवापूरचं घर असंच बघितलं होतं, शेडमधल्या कोंबड्यांचं पाणीसुद्धा तपासून, आणि मग मी मध्ये बोललो होतो.

पुढल्या वर्षी मी बटाटा लावायचा नाही असं ठरवलं होतं. पण दिवाळीत भाचीचा फोन आला. तिच्या सासूच्या बहिणीच्या घरी लग्न होतं, तिथल्या मामाला गोणी पाहिजे होती.

"कसली गोणी?" मी विचारलं, जसं काही मला माहीत नव्हतं.

"पहिली," ती म्हणाली. मग सासरच्या माणसांच्या कानावर पडेल अशा स्पष्ट आवाजात म्हणाली, "आपनाकडे नेतस ना, ती. आज्जी बठ्ठास्ले सांगस, मामाकडेच बरोबर भेटस."

तिला सगळं ठाऊक आहे. ती आक्काच्या घरात वाढली आहे, तिथे कुठली प्रथा आहे आणि कुठली नाही हे तिला सांगावं लागत नाही. तिने मला विचारलं नाही, मी तिला सांगितलं नाही. तिच्या सासरी तिच्या माहेरची ही एक गोष्ट मानाची झाली होती. आजीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आमच्या सुनेच्या माहेरी अजून जुनं पाळतात.

म्हणून मी आता दोन तऱ्हेचा बटाटा लावतो. मोठ्या तुकड्याला वेळेवर माती, वेळेवर पाणी, एक भेग पडू देत नाही. तो बटाटा खरंच चांगला येतो आणि त्याबद्दल मी कोणाला काही सांगत नाही. आणि विहिरीकडचा एक कोपरा पाकोळीसाठी. तिथे भर द्यायची नाही, पाणी लवकर तोडायचं, भेगा पडू द्यायच्या. काढणी झाली की माती न झटकता, खोल डोळ्यांचे बटाटे निवडून, जुन्या खरखरीत गोणीत भरायचे आणि संध्याकाळी शेडचं दार उघडं ठेवायचं. कोणी विचारलं तर बियाण्याचं काहीतरी आहे म्हणून सांगतो. बायको कपाळावर हात मारते. ती म्हणते, लोक किडकं निवडून टाकतात, तुम्ही निवडून ठेवता.

यंदा तीन लग्नांना गोण्या गेल्या. एका मामाने तर निरोप पाठवला की मागच्या गोणीतून पाखरं कमी उडाली, या वेळी जरा भरून द्या. अशी मागणी माझ्या केळीलाही कधी आली नव्हती. मला हे टपरीवर सांगता आलं असतं तर महिनाभर बाकडं हललं नसतं. सांगता येत नाही. आणि सांगितलं तरी, खरं असल्यामुळे, कोणी मानणार नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आक्का माहेरी आली. आखाजीला लेकी-बहिणी येतातच. पुरणपोळी झाली, आमरस झाला, बायका झोक्यावर गेल्या. मी शेडमध्ये होतो. नवापूरची माणसं दुसऱ्या दिवशी गोणी न्यायला येणार होती. मला तिने इकडे यायला नको होतं. पण ती आली. दारात उभी राहून तिने बटाट्यांचा ढीग बघितला, रिकामी गोणी बघितली, माझ्या हातातला बटाटा बघितला.

"हाई कोणासाठी?"

मी सांगितलं. कोणाचं लग्न, कोणता मामा, आजीबाईंनी कसं सांगून पाठवलं. अजिबात रंगवलं नाही. मग तिला ताटातला बटाटा दाखवला, डोळ्याच्या खळग्यातली अंडी दाखवली, पाकोळी कुठे बसते आणि कुठे बसत नाही ते सांगितलं, कारण दुसरं काय सांगायचं ते मला कळत नव्हतं. ती वाकून, डोळे बारीक करून बघत होती. बांधावर बघते तसं. निदान बघायची तसं.

मला वाटलं, आता ती म्हणेल, पुरे कर. मी त्याची वाट बघत होतो. त्या एका शब्दावर मी गोणी तिथल्या तिथे पेटवून दिली असती.

तिने पदर खोचला आणि ढिगाशी खाली बसली. एक बटाटा उचलला, फिरवला, बाजूला ठेवला. "हाऊ गुळगुळीत शे. हाऊ नको." दुसरा घेतला, बोटाने डोळ्यातली माती चाचपली आणि माझ्याकडे धरला. "हाऊ घाल."

मी गोणीचं तोंड फाकवून धरलं. ती एकेक बटाटा तपासून देत होती आणि मी घेत होतो.